टपावर चढायची शिडी म्हणे!

मोटरहोमसाठी, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीसाठी, शिडी घ्यायला जा, ती मिटते कशी हे सगळे तोंडभरून सांगतात. तिच्यावरून टपावर पाय कसा टाकायचा आणि परत खाली कसं यायचं, हे एकही जण सांगत नाही. ‘मिटली की ८० सेंटिमीटर, डिकीत मावते, एका हाताने उचलते!’ अहो, मावेल! पण माणूस डिकीतून पडत नसतो, टपाच्या कडेवरून पडतो.

आधी त्या खोक्यावरच्या आकड्याचा निकाल लावू. ‘३.८ मीटर’ ही शिडीची लांबी आहे, गाठायची उंची नव्हे. शिडी तिरकी लावायची असते, साधारण ७५ अंशांत. म्हणजे टेकण्याची जागा जितकी उंच, तिच्या चौथ्या भागाइतका शिडीचा पाय गाडीपासून बाहेर. टप ३.२ मीटरवर असेल तर पाय ८० सेंटिमीटर बाहेर आला आणि टपाच्या कडेपर्यंतच ३.३ मीटर शिडी संपली. कडेच्या वर शिडी किमान एक मीटर हवी, कारण पाय टाकताना हाताला धरायला तेवढंच असतं. ३.८ मीटरवाली वर उरते जेमतेम गुडघ्याएवढी. या टपाला जवळपास ४.४ मीटर लांबीची शिडी लागते. काही खोक्यांवर तर ‘वर्किंग हाइट’ छापतात. त्यात शिडीवर उभ्या माणसाचे वर केलेले हातसुद्धा धरलेले असतात! बल्ब बदलायला ठीक आहे. टपावर जायला त्या आकड्याचा उपयोग शून्य.

मग कोणीतरी शहाणा घोडी, म्हणजे दोन बाजूंना पाय फाकवून आपोआप उभी राहणारी शिडी, पुढे करतो. घोडी उघडून तिच्यावर उभं राहून काम करायचं असतं. तिच्यावरून बाजूला, दुसऱ्या पातळीवर पाय टाकला की शरीराचा जोर आडवा पडतो आणि ती कलंडते. आणि मिटवून भिंतीला टेकवली, तर तिचे पाय त्या कोनासाठी बनवलेले नसल्याने जमिनीवर नीट बसत नाहीत. घसरते.

टेकवायचं कुठे, हाही आनंदच. ऑनिंगच्या, म्हणजे गुंडाळून ठेवलेल्या कापडी छपराच्या, पेटीवर? ती दबते. स्लाइड-आउटवर, म्हणजे गाडीतून बाहेर सरकणाऱ्या भागावर? अजिबात नाही. प्लॅस्टिकच्या पन्हाळीवर टेकवली तर पन्हाळीला तडा आणि फायबरग्लासवर चरे. टपाच्या मजबूत कडेवरच टेकवा, दांड्यांना रबर किंवा जाड फोम गुंडाळा आणि वरचं टोक रॅकच्या रेलिंगला पट्ट्याने बांधा. बांधून होईपर्यंत खाली कोणीतरी शिडी धरून उभं राहायलाच हवं. जमीन मऊ असेल तर पायांखाली रुंद, जाड फळी घाला. एका पायाखाली विटेचा तुकडा सारून ‘बसली बघ’ म्हणणाऱ्यांना तर हात जोडावेत.

आणि गाडी म्हणजे भिंत नाही, ती हलते! कोणी आत चाललं तरी स्प्रिंगांवर डुलते. हँडब्रेक, चाकांना ठोकळे, गाडी सपाट टेकवणारे लेव्हलिंग जॅक खाली, आणि वर काम चाललं असेपर्यंत आतल्यांनी गपचूप बाहेर बसायचं. एवढं तरी कराल?

टेलिस्कोपिक शिडीचं, म्हणजे नळीत नळी सरकून मिटणारीचं, वेगळंच दुखणं. प्रत्येक पायरीच्या दोन्ही टोकांना एकेक पिन असते, आणि दोन्ही बाजूंचा ‘खट्’ आवाज आला तरच ती पायरी पक्की. एका बाजूची पिन अर्धवट बसली, तर वजन पडताच तो भाग सरकतो आणि वरचा माणूस त्याच्यासकट खाली येतो. पिन बसल्याचं दाखवणाऱ्या खुणेचा रंग बघा, पण त्याच्यावरच विसंबू नका. पायरी हाताने खाली दाबून पाहा. पिना अडकतात त्या नळ्यांमधल्या धुळीने आणि वाळूने. मग कोणीतरी त्यावर तेल ओततो. तेलाला आणखी धूळ चिकटते, पिना आणखी अडकतात! कोरड्या फडक्याने पुसा, पिशवीत ठेवा, विषय संपला. मिटवताना बोटं पायऱ्यांच्या मध्ये घालू नका, हे वेगळं सांगायला नको. पण सांगावं लागतं.

‘पण मागे कायमची शिडी आहे ना!’ आहे. ती पातळ भिंतीत स्क्रूंनी धरलेली असते आणि तिच्यावर लिहिलेली भारमर्यादा बहुतेकांनी वाचलेलीही नसते. तिच्यावर सायकली लटकवून वर्षभर खडखडत फिरायचं, सीलंट फाटून आत पाणी शिरू द्यायचं, आणि मग पूर्ण वजन टाकायचं. वा! वजन म्हणजे नुसतं तुमचं नव्हे. बूट, कपडे, कंबरेचा पट्टा आणि हातातली अवजारं, सगळं धरून. युरोपियन ‘ईएन १३१’ मानकाच्या शिडीला १५० किलो चालतात. अमेरिकन टाइप ३ ची, म्हणजे हलक्या घरगुती कामाच्या शिडीची, मर्यादा ९० किलोच्या आसपास संपते. लेबल न वाचता घेणाऱ्यांचा राग येतो, आणि लेबल दांड्याच्या आतल्या बाजूला चिकटवणाऱ्यांचा त्याहून जास्त.

उतरताना तोंड शिडीकडे, दोन्ही हात वर आलेल्या दांड्यांवर, मग पाय पायरीवर. दांडे वर आलेच नसतील तर माणूस पालथा पडून पायाने पायरी चाचपडतो आणि त्या धक्क्याने शिडी बाजूला सरकते. रबरी टप दवाने ओला असेल तर घसरण्याचा धोका वेगळाच.

राहिलं सोलर पॅनेल. ते काखेत धरून चढणारे पाहिले की डोकं फिरतं. एक हात अडकलेला, पॅनेल वाऱ्यात शिडासारखं फुगणार, आणि शिडी ॲल्युमिनियमची. डोक्यावर विजेची तार आहे का, हे पाहिलेलंच नसतं. तारेपासून किमान ३ मीटर लांब राहा. पॅनेल दोरीने वर ओढायचं: एक जण टपावर, एक जण खाली पॅनेलपाशी, एक जण शिडी धरायला. तिघं जमत नसतील तर पॅनेल आज खालीच राहू द्या.