चौथा गडी : क्रॉस कंट्रीवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

दादा,

क्रॉस कंट्री म्हणजे ट्रॅकऐवजी रानातून, चढ-उतारांवरून पळायची शर्यत. तिच्या जागतिक स्पर्धेवरचा माझा लेख वाचून तुम्ही परभणीहून सविस्तर लिहिलंत. तुमचे आक्षेप तीन. अनवाणी पळणाऱ्या लेकरांचं वर्णन करून मी गरिबीचं कौतुक केलं, हा पहिला. ज्या शर्यतीत विक्रम धरत नाहीत आणि जिला ऑलिम्पिकमध्ये जागा नाही, तिच्या नादी पोरांना लावून मी त्यांची वर्षं वाया घालवतोय, मराठवाड्याला सिंथेटिक ट्रॅक हवेत, हा दुसरा. आणि धावपटू अविनाश साबळेंचं उदाहरण मी दिलं, पण त्यांना पदकं मिळाली ती क्रॉस कंट्री सोडल्यावर, हा तिसरा.

पहिला आक्षेप मला मान्य आहे, आणि तो वाचून मला झोप लागली नाही. लेखातली ती आठवीतली मुलगी अनवाणी पळाली आणि पहिली आली, एवढंच मी लिहिलं. शर्यत संपल्यावर ती बांधावर बसली तेव्हा तिच्या टाचेतून रक्त येत होतं. वाट तूर काढलेल्या वावरातून जात होती. विळ्यानं तिरपं कापलेलं तुरीचं धसकट कसं असतं हे तुम्हाला सांगायला नको, भाल्याचं टोकच ते. त्याचा तुकडा आत मोडला होता. दवाखान्यात नेऊन तो काढावा लागला, धनुर्वाताचं इंजेक्शन द्यावं लागलं. लेख लिहिताना हे मला माहीत होतं. लेख चांगला वाटावा म्हणून मी ते गाळलं, ही माझी चूक. तेव्हापासून बूट नसलेल्या लेकराला मी पळू देत नाही. गावातल्या दोन दुकानदारांनी उधारीवर बूट दिले, पैसे आम्ही मास्तर लोक हप्त्यानं फेडतोय. २००८ साली एडिंबराच्या जागतिक स्पर्धेत इथिओपियाचा धावपटू केनेनिसा बेकेले याचा बूट गर्दीत निघाला. तो थांबला, बूट घातला, मागं पडला, पुन्हा सगळ्यांना गाठलं आणि जिंकला. अनवाणी पळण्याचं कौतुक करण्याऐवजी मी ही गोष्ट सांगायला हवी होती.

दुसरं मात्र मला पटत नाही. ट्रॅक हवाच, त्यासाठी तुम्ही निवेदन काढा, पहिली सही माझी. पण क्रॉस कंट्री म्हणजे ट्रॅक मिळेपर्यंतची तडजोड नाही. १९०३ साली स्कॉटलंडमधल्या हॅमिल्टनला तिची पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, आणि १९७३ पासून ती जागतिक अजिंक्यपद म्हणून होते. ऑलिम्पिकमध्येही ती होती. १९२४ साली पॅरिसच्या भर उन्हात ३८ जण निघाले आणि फक्त १५ पोचले. त्या हालांनंतर ती ऑलिम्पिकमधून गेली ती गेलीच. विक्रम धरत नाहीत कारण प्रत्येक वाट वेगळी. २०१९ साली डेन्मार्कमधल्या आरहूसला धावपटू एका संग्रहालयाच्या उतरत्या, गवत लावलेल्या छपरावरून पळाले. तिथली वेळ आणि दुसरीकडच्या सपाट मैदानावरची वेळ यांची तुलना कशी करणार?

आणि वर्षं वाया जातात म्हणता, तर बघा. आरहूसला जिंकलेल्या युगांडाच्या जोशुआ चेप्तेगेईनं दुसऱ्याच वर्षी ट्रॅकवर ५,००० आणि १०,००० मीटर या दोन्हींचे विश्वविक्रम मोडले. ते आधी होते बेकेलेच्या नावावर, आणि बेकेलेकडं क्रॉस कंट्रीची मोठ्या गटातली ११ वैयक्तिक सुवर्णपदकं. केनियाची बिॲट्रिस चेबेट २०२३ ला बाथर्स्टमध्ये आणि २०२४ ला बेलग्रेडमध्ये क्रॉस कंट्री जिंकली, आणि त्याच २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५,००० आणि १०,००० ची दोन्ही सुवर्णं घेऊन गेली.

साबळेंचं तेच. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा पोरगा सैन्यात गेल्यावर आधी क्रॉस कंट्रीच पळाला. तिथं त्याचं पळणं बघून प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला २०१७ मध्ये स्टीपलचेसकडं वळवलं. स्टीपलचेस तरी काय आहे? एका गावच्या चर्चच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गावच्या मनोऱ्यापर्यंत कुंपणं आणि ओढे ओलांडत पळायच्या जुन्या शर्यतींची ती ट्रॅकवर आणलेली आवृत्ती. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत केनियाच्या धावपटूपेक्षा तो ०.०५ सेकंदानं मागं राहिला, रौप्य मिळालं. १९९८ पासून त्या शर्यतीची तिन्ही पदकं दर वेळी केनियाच नेत होता. साबळेनं क्रॉस कंट्री सोडली असं तुम्ही म्हणता. मला वाटतं, त्यानं तिचीच कमाई पुढं नेली.

पण दादा, माझा जीव या खेळात अडकलाय तो वेगळ्याच कारणानं, आणि पहिल्या लेखात तेच मी दोन ओळींत उरकलं. इथं संघ असतो. सहा जण पळतात, त्यातल्या पहिल्या चौघांचे क्रमांक मोजतात, ज्यांची बेरीज कमी तो संघ जिंकतो. गेल्या साली आमची पोरं आली नववी, चौदावी, सतरावी आणि एकतिसावी. बेरीज ७१. समोरच्या शाळेचे दोघे पहिला आणि तिसरा आले, पण त्यांचे पुढचे दोघे तेहेतिसावा आणि अडतिसावा. बेरीज ७५. पहिल्या आठांत आमचा एकही पोरगा नव्हता, तरी ढाल आमच्याकडं आली.

एकतिसावा आलेला तो पोरगा वर्गातही मागच्या बाकावरचा. मी ओढ्याच्या वळणावर उभा होतो. शेवटच्या चढाला तो चालायला लागला होता. मी ओरडलो, "लेका, तुझा नंबर मोजायलेत!" त्यानं वळून बघितलं, म्हणजे खरंच बघितलं, की मी हे त्यालाच म्हणतोय का. मग पळाला, आणि त्या चढावर सात जणांना मागं टाकलं. निकाल लागल्यावर पोरांनी खांद्यावर घेतलं ते त्याला. शंभर मीटरच्या शर्यतीत एकतिसाव्याकडं कोण बघतं? केनियाच्या पुरुषांनी १९८६ ते २००३ सलग अठरा वर्षं सांघिक विजेतेपद सोडलं नाही. जिंकणारे जॉन न्गुगी, पॉल टेर्गट सगळ्यांच्या तोंडी आहेत, पण त्या बेरजा भरल्या त्या मागून येणाऱ्यांनी.

उन्हात लेकरांना पळवू नये असंही तुम्ही लिहिलंत, ते खरंच आहे. २००७ ला मोंबासाच्या दमट उकाड्यात बेकेलेलासुद्धा शर्यत अर्ध्यात सोडावी लागली, मग आपल्या मार्चमध्ये लेकरांना कसं पळवायचं? म्हणून आम्ही शर्यत पौषात घेत होतो. पण तेव्हा आमची निम्मी लेकरं आई-बापांबरोबर ऊसतोडीला गेलेली असतात. त्या एकतिसाव्या पोराच्या घरची माणसंही दिवाळीनंतर ऊसतोडीला निघाली, यंदा तोही गेला. बेरीज करायला चौथा गडी राहिला नाही. श्रावण-भाद्रपदात घ्यावं तर काळी माती बुटाला अशी चिकटते की पावलागणिक शेर-शेर वजन वाढतं.

शेवटी आम्ही ठरवलंय की येत्या दसऱ्याच्या आदल्या रविवारी, ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आत, सकाळी साडेसहाला, गावच्या गायरानावर शर्यत घ्यायची. तिथं मुरूम आहे, पाणी थांबत नाही, आणि तुरीचं धसकट औषधालाही नाही. वाट दीड किलोमीटरची, मोठ्या गटाला चार फेऱ्या. बूट अजून अकरा जोड कमी आहेत. ओढ्याच्या वळणावर उभं राहायला एक माणूस हवाय, कारण मला या वेळी शेवटच्या निशाणीपाशी क्रमांक लिहायला थांबावं लागणार आहे. परभणीहून आदल्या रात्री या, मुक्काम आमच्याकडं करा. वळणावर तुम्ही उभे राहा.