बायकोची काडतुसं आणि हवामान खातं

आमच्या घरात बंदूक बायकोची आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर मी बाह्या सरसावून ओहायोच्या रानात हरणांमागे धावतोय असं चित्र कुणाच्या तरी डोळ्यांसमोर उभं राहायचं. मी डिशवॉशरच्या सुट्या भागांचं प्लॅनिंग करतो. काडतुसांशी माझा संबंध पुण्यातल्या पेपरांपुरता होता: ‘गावठी कट्टा व दोन जिवंत काडतुसे जप्त.’ दोन! आणि त्या दोनांमागे फोटोला उभे चार हवालदार आणि एक निरीक्षक.

बायको कोल्हापूरची. कॉलेजात एनसीसी, पॉइंट टू-टू रायफल, वाट्याला येणाऱ्या मोजक्या गोळ्या, आणि फायरिंग झालं की पुंगळ्या मोजून उस्तादांच्या हवाली. 2010 साली कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतनं म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये जागतिक सुवर्णपदक मिळवलं आणि आमच्याकडे ती जुनी खुमखुमी उठून बसली. यथावकाश ही इथल्या रायफल क्लबची सभासद झाली, घरात एक रायफल आली, आणि कामांची वाटणी झाली. पोटावर पालथं पडून नेम धरायचा तिनं. दूध, कोथिंबीर आणि काडतुसं आणायची मी.

हे 2012 च्या उत्तरार्धातलं. मुहूर्त असा साधला की बोलायची सोय नाही. डिसेंबरात कनेक्टिकटमधल्या सँडी हूक शाळेत वीस लहान मुलं आणि सहा मोठी माणसं मारली गेली. त्यावर विनोद करायचा नसतो. पण त्यानंतर ‘आता कडक कायदे येणार’ अशी हवा झाली आणि बंदूकवाला अमेरिकन माणूस दुकानाकडे पळत सुटला. त्या एका महिन्यात बंदूक खरेदीसाठी लागणाऱ्या सरकारी तपासण्या 27 लाखांवर गेल्या, तोवरचा उच्चांक. एप्रिल 2013 मध्ये सिनेटमध्ये त्या कडक कायद्याचं विधेयक पडलंसुद्धा. दुकानातल्या फळ्या मात्र रिकाम्याच राहिल्या.

आता पॉइंट टू-टू म्हणजे काय, तर काडतुसांतलं शेंडेफळ. रिकामे डबे पाडायचे, खारी मारायच्या, पोरांना नेम शिकवायचा, यासाठीची गोळी. चार-पाच सेंटला एक पडायची, पाचशेच्या विटेसारख्या खोक्यात मिळायची. तिच्यावर बंदी आणायचं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. आणि नेमकी तीच गायब झाली! लोकांनी हिशेब साधा केला होता: मोठी गोळी महाग आहे, ती साठवायला कर्ज काढावं लागेल, छोटी स्वस्त आहे, ती भरून ठेवू.

दुकान सकाळी सातला काडतुसांचं कपाट उघडायचं. माणशी तीन खोकी. मी साडेसहाला पोचायचो तर पुढे दहा-बारा जण फोल्डिंगच्या खुर्च्या टाकून बसलेले, हातात कॉफी. लहानपणी रॉकेलच्या रांगेत आईनं मला डबा घेऊन उभं केलं होतं, तेव्हाची सगळी पात्रं इथे टोप्या घालून हजर होती. पहिला नंबर कायम लावणारा, मध्ये घुसणारा, ‘आज गाडी आलेलीच नाही’ असं ठामपणे सांगून मागच्यांना घरी पाठवू पाहणारा. हा शेवटचा सगळ्यात हुशार. त्याचं ऐकून जे गेले ते गेले, तो तीन खोकी घेऊन पुढच्या रविवारी बंदुकांच्या जत्रेत तिप्पट भावानं विकायला बसलेला दिसायचा.

या रांगेचे कुलगुरू म्हणजे आमचे शेजारी. निवृत्त प्लंबर, व्हिएतनाममध्ये लढून आलेले, मनानं लोणी. घरात आम्ही त्यांना तात्या म्हणतो. त्यांना याची कल्पना नाही. तात्यांकडची बातमी कधी पेपरातली नसते. ती मेव्हण्याच्या मित्राकडून येते, जो ट्रक चालवतो.

‘‘होमलँड सिक्युरिटीनं एकशे साठ कोटी गोळ्या उचलल्या,’’ तात्या एकदा कुजबुजले. ‘‘म्हणून इथे नाहीत.’’

आकडा त्यांनी हवेतून काढला नव्हता. अंतर्गत सुरक्षेच्या त्या खात्यानं करार खरंच केले होते. फक्त ते पुढच्या काही वर्षांत ‘जास्तीत जास्त एवढ्या घेऊ’ असे होते. कमाल मर्यादेला खरेदी समजणं म्हणजे क्रेडिट कार्डाची लिमिट बघून नवऱ्याला श्रीमंत समजणं. आमच्या घरात ही चूक कुणी करत नाही. 2014 च्या सुरुवातीला सरकारच्याच लेखापरीक्षकांनी तपशील बाहेर काढला: 2013 च्या आर्थिक वर्षात खात्याची प्रत्यक्ष खरेदी 8 कोटी 40 लाख, आणि तीही आधीच्या वर्षांपेक्षा कमी.

मी तात्यांना विचारलं, ‘‘पण त्यात पॉइंट टू-टू किती असणार? ते तर पिस्तुलवाले.’’

‘‘बघ,’’ तात्या म्हणाले, ‘‘तेच तर ते लपवतायत.’’

यावर काय बोलणार? पुरावा असला तर पुरावा, नसला तर तो दाबल्याचा पुरावा.

त्यानंतर निघालं सोशल सिक्युरिटीचं प्रकरण. म्हणजे म्हाताऱ्यांची पेन्शन देणारं खातं. 2012 मध्ये त्यांनी 1 लाख 74 हजार गोळ्यांची निविदा काढली होती. हे खरं आहे. खात्याकडे फसवणूक पकडणारे, हत्यार बाळगणारे 295 अधिकारी होते, त्यांच्या सरावासाठी. भागाकार केला तर माणशी सहाशेच्या आत. आमची बायको मनात आणलं तर एका महिन्यात एवढ्या संपवेल. पण तात्या स्वतः त्या खात्याचे पेन्शनर. ‘‘चाळीस वर्षं पैसे भरले,’’ ते म्हणाले, ‘‘आणि आता यांना गोळी स्वस्त पडतेय.’’ हिशेबाच्या अंगानं पाहिलं तर मुद्दा बिनतोड होता, म्हणून मी गप्प बसलो.

पण माझं लाडकं प्रकरण हवामान खात्याचं. राष्ट्रीय हवामान सेवेनं 46 हजार गोळ्या मागवल्याची निविदा तेव्हाच झळकली होती आणि रांगेतल्या मंडळींना ती पाठ होती. हवामान खातं गोळ्या झाडणार कुणावर? ढगांवर? अंदाज चुकला म्हणून चाल करून येणाऱ्या जनतेवर? (पुण्याच्या वेधशाळेला ही सोय हवी होती, असं मला जून महिन्यात अनेकदा वाटलेलं आहे.) खुलासा इतका फुसका निघाला की त्यावर विश्वास ठेवणं अवघडच होतं: फॉर्म भरताना कुणीतरी खात्याचं नाव चुकवलं. गोळ्या हव्या होत्या त्याच छत्राखालच्या मत्स्यविभागाच्या अंमलबजावणी अधिकाऱ्यांना. मी हे रांगेत मोठ्या उत्साहानं सांगितलं. क्षणभर शांतता झाली. मग मागून एक जण घाबऱ्या आवाजात म्हणाला, ‘‘माशांना?’’

शिशाची बातमी आली तेव्हा तर रांग दाराबाहेर गेली. मिसुरीतल्या हर्क्युलेनियम गावी 1892 पासून चालणारी शिशाची भट्टी 2013 च्या डिसेंबरात बंद झाली. खनिजापासून शिसं काढणारी देशातली शेवटची मोठी भट्टी. कारण हवेतल्या शिशाचे नियम, आणि नवी यंत्रणा बसवण्याचा खर्च कंपनीला न परवडणं. रांगेचा निष्कर्ष: बंदुका काढून घेता येत नाहीत म्हणून सरकारनं शिसंच बंद केलं! आता माझ्या हाती माझ्या धंद्यातला मुद्दा आला. म्हटलं, मंडळी, गोळ्यांचं बहुतेक शिसं खाणीतून येतच नाही, ते जुन्या वितळवलेल्या शिशातून येतं. गाड्यांच्या बाद बॅटऱ्यांमधून. देशात बॅटऱ्यांना तोटा आहे का?

लोकांनी ऐकून घेतलं. माना डोलावल्या. पुढच्या वेळी रांगेत मला कळलं की आता बॅटऱ्याही संपणार आहेत.

या माणसांना वेडं ठरवून मोकळं होता येत नाही, ही माझी खरी अडचण. कारण एकदा त्यांचं खरं निघालं होतं. 2009 च्या मार्चमध्ये संरक्षण खात्यानं लष्करी सरावातल्या वापरलेल्या पितळी पुंगळ्या यापुढे पुन्हा भरण्यासाठी न विकता चेचून भंगारात काढायचं ठरवलं. छोटे काडतूसवाले अशा पुंगळ्या घेऊन त्या पुन्हा भरतात. त्यांच्यावर आभाळ कोसळलं. बोंबाबोंब झाली, मोंटानाच्या मॅक्स बॉकस आणि जॉन टेस्टर या दोन्ही सिनेटरांनी पत्र धाडलं, आणि निर्णय काही दिवसांत मागे घेतला गेला. झालं! एका खऱ्या घटनेच्या व्याजावर पुढच्या शंभर अफवा आरामात जगतात. त्यातली एक तर म्हातारी झाली तरी मरत नाही: ‘सरकार कंपन्यांना दोन वर्षांत निकामी होणारे प्रायमर, म्हणजे काडतूस पेटवणारे मसाले, टाकायला लावतंय.’ ही तात्यांनी मला सांगितली ती, दुसऱ्या महायुद्धातली काडतुसं भरून ठो ठो वाजवत असताना.

सगळ्यात कीव यायची ती कपाटाच्या किल्लीवाल्या पोराची. विशी-बाविशीचं, आदल्या आठवड्यात बागेच्या नळ्या विकणारं पोर. ‘‘आत गोदामात किती लपवलीयत?’’ हे त्याला रोज विचारलं जायचं. ‘‘आत काही नाही,’’ म्हणालं की लोक एकमेकांकडे सूचक बघत. एकदा वैतागून त्यानं दोघांना आत नेऊन रिकामं गोदाम दाखवलं. बाहेर आल्यावर त्या दोघांचं एकमत झालं: दुसरं गोदाम असणार.

घरी बायको वाट बघत असायची. ‘‘आणलास काय?’’

‘‘नाही. हवामान खात्यानं नेली.’’

‘‘नाद करू नको.’’

शेवटी मी न राहवून रांगेत माझ्या रोजच्या कामातली गोष्ट समजावली. आम्ही तिला बुलव्हिप म्हणतो. गिऱ्हाईक घाबरून दुप्पट घेतं, ते पाहून दुकानदार चौपट मागवतो, घाऊकवाला आठपट, आणि कारखान्याला वाटतं अख्खा देश युद्धावर निघालाय. मग कारखान्यानं यंत्रं का वाढवू नयेत? कारण पॉइंट टू-टूचा पेट घेणारा मसाला काडतुसाच्या बुडाच्या कडेत भरावा लागतो. त्याची यंत्रं वेगळी, दुसऱ्या गोळ्यांची तिथे चालत नाहीत. कारखाने रात्रंदिवस आहे त्या यंत्रांवर चालू होतेच. पण नवी मोठी गुंतवणूक करायची आणि लोकांची भीती ओसरली की यंत्रांवर धूळ बघत बसायचं, हे कुठला मालक करेल? म्हणून जपून वाढवतात. तात्या कधी नव्हे ते लक्ष देऊन ऐकत होते. मला फार बरं वाटलं.

पुढे भीती ओसरलीही. 2016 च्या निवडणुकीआधी सगळ्यांनी पुन्हा घाबरून भरून ठेवलं, ट्रम्प निवडून आले, आणि घाबरायला कारणच उरलं नाही. फळ्या ओसंडू लागल्या, कंपन्या खरेदीवर पैसे परत देऊ लागल्या. तेव्हा रांगेतलं एकही माणूस दुकानात फिरकलं नाही. आहे की भरपूर, घाई काय! बायकोनं मात्र शांतपणे गराजमध्ये एक मांडणी करून घेतली.

मग 2020 उजाडलं. साथ, दंगली, निवडणूक, आणि पहिल्यांदाच बंदूक घेणारे 84 लाख लोक, असा त्या उद्योगाच्या संघटनेचा अंदाज. प्रत्येकानं पन्नासची दोनच खोकी घेतली म्हणा, तरी 84 कोटी गोळ्या. पण ‘कंपन्या माल गुहांमध्ये लपवतायत’ हेच पुन्हा सुरू. डिसेंबरात तर फेडरल आणि सीसीआय या कारखान्यांच्या प्रमुखानं, जेसन व्हँडरब्रिंकनं, वैतागून व्हिडिओ काढला: लपवलेलं काही नाही, शंभर कोटी डॉलरांहून जास्तीच्या ऑर्डरी तुंबल्यात, आम्ही रोज बनवतोय. क्लबात तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. मत असं पडलं की एवढा चिडतोय म्हणजे काहीतरी आहे.

त्याच सुमारास बायकोला क्लबवर सोडायला गेलो होतो. पार्किंगमध्ये एक नवा सभासद माझ्या शेजारी उभा राहिला, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाला, ‘‘तुला खरं कारण माहितीये का? कारखाने मुद्दाम यंत्रं वाढवत नाहीयेत. या गावात एक भारतीय आहे, सप्लाय चेनमध्ये फार वर. त्यानं आतून सांगितलंय.’’

मी म्हटलं, ‘‘तो डिशवॉशरवाला असेल.’’

‘‘हां,’’ तो आणखी जवळ सरकला. ‘‘ते दाखवायला.’’

परतीच्या वाटेवर मी बायकोला सगळं सांगितलं. ती मांडीवर पुंगळ्या मोजत होती. एनसीसीची सवय, सुटत नाही.

‘‘एवढा वर आहेस,’’ ती म्हणाली, ‘‘तर दोन खोकी आण की.’’