जादूगार राज्याने पहिले संशोधन कशावर खर्चावे?

आमच्या सांगली-मिरजेच्या मित्रमंडळींत शनिवार-रविवारी संगणकावरच्या फँटसी स्ट्रॅटेजी गेमचे डाव रंगतात आणि त्यात एक मत जवळजवळ सर्वमान्य झाले आहे, ते असे की जादूवर भिस्त असलेले राज्य घेतले की सुरुवातीचे सगळे बळ संशोधनाचा, म्हणजे नवे मंत्र शिकण्याचा, वेग वाढवण्यावर लावावे, कारण अशा राज्याची खरी ताकद शेवटच्या मोठ्या मंत्रांत असते. मला हे मत मुळीच पटत नाही. विश्रामबागेतली नव्याने खेळू लागलेली मुले हाच सल्ला ऐकून शेजाऱ्याच्या साध्या भालेकऱ्यांपुढे राजधानी गमावतात आणि जादूची राज्ये मुळातच दुबळी असतात असे ठरवून ती कायमची सोडून देतात. या राज्यांवर माझा जीव आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

माझ्या मते पहिला मंत्र असा निवडावा, की जो आज हाताशी असलेल्या जादूगाराला आजच्या मानावर (माना म्हणजे मंत्र टाकायला लागणारी जादुई ऊर्जा) टाकता येईल आणि ज्याच्या जोरावर मानाचा एखादा नवा स्रोत ताब्यात येईल. संशोधन वाढवणाऱ्या गोष्टींची पाळी त्यानंतरची.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण 1994 सालच्या ‘मास्टर ऑफ मॅजिक’मध्ये सापडते, 2022 मध्ये त्याची नवी आवृत्ती आल्यामुळे आता तरुण मुलेही हा गेम खेळू लागली आहेत. त्यात राज्याची जादुई शक्ती तीन वाट्यांत विभागावी लागते: मानाचा साठा, संशोधन आणि मंत्र टाकण्याचे कौशल्य. नवखा खेळाडू जवळजवळ सगळी शक्ती संशोधनाकडे वळवतो. त्याची मंत्रांची वही भराभर भरते, पण एका टर्नमध्ये किती माना खर्चता येईल हे कौशल्यावर ठरत असल्यामुळे त्यातले निम्मे मंत्र वहीतच राहतात. शिवाय लढाई राजधानीपासून जितकी लांब, तितका मंत्राचा खर्च वाढत जातो आणि तो मूळ खर्चाच्या तिपटीपर्यंत पोहोचतो. सीमेवर शत्रू उभा आहे, मंत्र ठाऊक आहे आणि माना मात्र पुरत नाही, ही वेळ याच घाईतून येते.

याउलट सुरुवातीला एखादा नोड, म्हणजे नकाशावरचे जादुई शक्ती देणारे ठिकाण, हाती लागला, तर त्याची शक्ती तिन्ही वाट्यांना मिळते, म्हणजे संशोधनही आपोआप वेग घेते. नोडवर राखणदार प्राणी असतात आणि तिथे आणखी एक अडचण असते, ती अशी की नोडवरच्या लढाईत त्या नोडच्या शाखेहून वेगळ्या शाखेचा मंत्र टाकला तर तो वाया जाण्याची बरीच शक्यता असते. म्हणून ऐन लढाईत टाकायच्या मंत्रांपेक्षा आधीच बोलावून ठेवलेले प्राणी तिथे जास्त उपयोगी पडतात. निसर्गशाखेतल्या स्प्राइट माझ्या फार आवडीच्या आहेत. त्या अगदी खालच्या श्रेणीच्या, पण उडणाऱ्या आणि लांबून मारा करणाऱ्या असल्यामुळे जमिनीवरून लढणारी अस्वले त्यांच्यापर्यंत पोहोचूच शकत नाहीत. अस्वले राखत असलेला नोड स्प्राइटांच्या दोन-तीन तुकड्या काही फेऱ्यांत मोकळा करतात. मारा संपला तर माघार घेऊन पुन्हा जाता येते. राखणीला हेल हाउंड असतील तर मात्र त्यांना पाठवू नये, कारण त्यांच्या तोंडची आग उडणाऱ्यांनाही लागते. नोड मोकळा झाला की मॅजिक स्पिरिट हा मंत्राने बोलावलेला आत्मा पाठवून तो जोडून घ्यावा आणि त्यानंतर संशोधनाचा वाटा निश्चिंतपणे वाढवावा.

आपल्याकडे आडसाली उसाची लागण करणारा शेतकरी तोडणीला दीड वर्ष लागणार हे ओळखून सरीत सोयाबीन किंवा भुईमुगाचे आंतरपीक घेतो, म्हणजे उसाच्या खतपाण्यालाच त्या पैशाचा आधार होतो. सुरुवातीच्या स्वस्त मंत्रांकडे मी त्याच नजरेने पाहतो.

‘डॉमिनियन्स’ मालिकेत हा प्रश्न आणखी खोल जातो आणि माझ्या मते या विषयाचा खरा अभ्यास तिथेच होतो. 2017 सालच्या पाचव्या भागात संशोधनाच्या सात शाखा असून प्रत्येक शाखेच्या नऊ पातळ्या आहेत. सगळ्या शाखा थोड्याथोड्या वाढवणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. तिथे आधी आपल्या जादूगारांकडे पाहावे. राज्यात ॲस्ट्रल या जादूच्या मार्गाचे स्वस्त, दुबळे जादूगार भरपूर मिळत असतील, तर थॉमटर्जी या शाखेची पहिली पातळी सर्वांत आधी घ्यावी, कारण तिथे कम्युनियनचे, म्हणजे जादूगारांचे बळ एकत्र जोडणारे, मंत्र मिळतात. त्यात काही जादूगार सेवक होतात आणि त्यांच्या बळावर मुख्य जादूगाराची जादूची पातळी चढते: दोन सेवकांनी एक, चारांनी दोन, आठांनी तीन आणि सोळांनी चार. मंत्राचा थकवाही सेवकांत वाटला जातो. एवढ्या स्वल्प खर्चात दुबळ्या जादूगारांचे असे पथक उभे राहत असताना, त्यांना वर्षभर प्रयोगशाळेत बसवून इव्होकेशन या थेट मारा करणाऱ्या मंत्रांच्या शाखेच्या वरच्या पातळीची वाट पाहत राहणे मला अनाठायी वाटते. वरचा मंत्र मिळाल्यावरही तो टाकण्याइतकी पातळी त्या एकेकट्यांत नसतेच.

त्याच गेममध्ये जादूची ठिकाणे शोधायलाही जादूगारच लागतात आणि तिथून दर महिन्याला रत्ने मिळतात. शोधाला गेलेला जादूगार त्या महिन्यात संशोधन करू शकत नाही, एवढ्याच कारणासाठी अनेक जण त्याला बाहेर काढत नाहीत. मी निदान एकाला लवकर बाहेर काढावे या मताचा आहे, कारण रत्नांशिवाय मोठे मंत्र आणि जादूची शस्त्रे दोन्ही अडून राहतात.

2023 सालच्या ‘एज ऑफ वंडर्स 4’बद्दल थोडक्यात सांगतो. तिथे मिस्टिक ही जादूवर भर देणारी संस्कृती घेणारे मित्र सुरुवातीलाच सैन्यावरचे जादुई संस्कार गोळा करत सुटतात आणि प्रत्येक तुकडीमागे मानाचा नियमित खर्च चढत जातो हे त्यांना उशिरा जाणवते. मंत्रांच्या पहिल्या ग्रंथातून एक संस्कार आणि लढाईत थेट उपयोगी पडणारा एक मंत्र, एवढे पुरे.

संशोधन आधी घेणेच योग्य ठरेल असेही प्रसंग असतात. ‘मास्टर ऑफ मॅजिक’मध्ये सुरुवातीच्या अकरा गुणांपैकी तीन खर्चून मिरर या दुसऱ्या जगात राज्य मांडले, तर आसपास प्रतिस्पर्धी कमी असतात आणि तिथल्या नोडचे राखणदारही पहिल्याच हल्ल्यात हरवण्यासारखे नसतात, तिथे मी स्वतः संशोधनाला झुकते माप देतो. पण शेवटच्या मंत्रानेच डाव जिंकायचा असे ठरवणाऱ्यांनी एक नियम ध्यानात ठेवावा, की स्पेल ऑफ मास्टरी हा तो मंत्र टाकायला सुरुवात होताच उरलेले सगळे प्रतिस्पर्धी जादूगार तुमच्याविरुद्ध युद्ध पुकारतात, आणि तो मंत्र पूर्ण होईपर्यंत राजधानी राखायला जे प्राणी, जे कौशल्य आणि जो मानाचा साठा लागतो, ते सगळे त्या एका टर्नमध्ये उभे करता येत नाही.