खुलासा: ‘प्रायव्हसी कोड’ने बोलणं खासगी होत नाही

चर्चच्या सुरक्षा पथकांमध्ये मेसेज फिरतोय: वॉकीटॉकीवर प्रायव्हसी कोड लावला की बाहेरच्यांना काही ऐकू येत नाही. हे चूक आहे. अ‍ॅनालॉग (डिजिटल नसलेल्या, साध्या) सेटवर हा कोड म्हणजे बहुधा आवाजासोबत जाणारा ६७ ते २५४ हर्ट्झमधला खर्जाचा सूर. तो जुळला तरच तुमचा स्पीकर उघडतो. म्हणजे झाकले जातात ते तुमचेच कान. पडताळून पाहा: दोन सेट एकाच चॅनलवर ठेवा, एकावर कोड, दुसऱ्यावर शून्य, म्हणजे कोड बंद. शून्यवाल्यावर सगळं ऐकू येतं.

उलट, चॅनलवर दुसरं कुणी बोलत असलं तर कोडमुळे ते कळत नाही आणि दोन्ही निरोप एकमेकांत चिरडतात. म्हणून आधी मॉनिटर बटण (कोड बाजूला ठेवून चॅनलवरचं सगळं ऐकवणारं) दाबून ऐका, मगच बोला. बोलणं कुणीही ऐकू शकतं, म्हणून मुलांची नावं वॉकीटॉकीवर घेऊच नका. गुप्तता हवी तर एन्क्रिप्शनवाले (बोलणं सांकेतिक रूपात पाठवणारे) डिजिटल सेट लागतात, तेही नियमांत बसत असतील तर. जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका.