सांगलीखालची ‘ऊर्जारेषा’ आणि काळी माती

सांगली-मिरजेच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक संदेश फिरतो आहे. औदुंबर, सांगलीचा गणपती, हरिपूरचा संगमेश्वर आणि नृसिंहवाडी ही स्थाने एका सरळ रेषेत आहेत, त्या रेषेखालून दिव्य भू-ऊर्जा वाहते, पूर्वजांनी ती ओळखूनच तेथे देवळे बांधली आणि या रेषेवरील घरांच्या भिंतींना म्हणूनच तडे जातात, असा त्यातील दावा आहे. उपाय म्हणून अंगणात तांब्याच्या सळया पुरायला सांगितले जाते. आमच्या कॉलनीतील एका निवृत्त गृहस्थांनी अशा आठ सळया पुरून घेतल्या, तेव्हा या दाव्यातील एकेक मुद्दा तपासून पाहणे मला आवश्यक वाटले.

पहिला मुद्दा सरळ रेषेचा. ही चारही स्थाने कृष्णाकाठची आहेत. हरिपूरला वारणा आणि वाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते, आणि संगमावर देऊळ उभारण्याची आपली परंपरा सर्वांना ठाऊक आहे. म्हणजे या देवळांना जोडणारी गोष्ट आहे ती नदी, आणि ती तर वळणे घेत वाहते. सांगलीहून हरिपूर नैऋत्येला आणि वाडी दक्षिणेला असल्यामुळे या स्थानांवरून एक सरळ रेषा जात नाही. संदेशातील नकाशात ती जाते, कारण तेथे रेषाच बोटभर जाड काढलेली आहे. पन्नास हजारास एक या प्रमाणाच्या नकाशावर अर्धा मिलिमीटर जाडीची पेन्सिलरेघसुद्धा जमिनीवर २५ मीटर रुंद होते. त्यातून आपल्याकडे गल्लोगल्ली देऊळ असल्याने पट्टी कशीही ठेवली, तरी तिच्याखाली चार-दोन देवळे सापडणारच.

पूर्वजांच्या ज्ञानाविषयी थोडक्यात सांगतो. चिंतामणराव पटवर्धनांनी मिरजेहून वेगळे होऊन सांगलीत गादी स्थापन केली ती १८०१ साली, आणि गणपतीचे देऊळ त्यानंतरचे आहे. मुळात ही रेषांची कल्पनाही येथील नाही. इंग्लंडमधील हेरफर्डशरच्या आल्फ्रेड वॉटकिन्स यांनी ती १९२१ साली मांडली, आणि त्यांच्या मते त्या रेषा म्हणजे प्राचीन पायवाटा होत्या. त्यांत ऊर्जा भरली ती १९६० च्या दशकातील लेखकांनी. आपल्या श्रद्धास्थानांना या उसन्या आधाराची काहीच गरज नाही.

या रेषेवरून चालताना हातात धरलेल्या तारा आपोआप वळतात, हा संदेशात दिलेला पुरावा. आपल्याकडे जमिनीखालचे पाणी शोधणाऱ्या पाणाड्याच्या तळहातावरचा नारळही असाच उभा राहतो. हात नकळत किंचित कलतो आणि तोल साधून धरलेली वस्तू फिरते. यात फसवणूक असतेच असे नाही, धरणाऱ्यालाही ते जाणवत नाही. जर्मनीतील कासेल येथे १९९० साली जमिनीखाली अर्ध्या मीटरवर पाइप पुरून, त्यातून पाणी वाहते आहे की नाही हे अशा सुमारे तीस जाणकारांना ओळखायला सांगितले होते. त्यांची उत्तरे नाणेफेकीपेक्षा सरस ठरली नाहीत.

आता तडे. ते खरे आहेत आणि लोक त्यांनीच घाबरतात. कृष्णाकाठची काळी माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आकसते; तिच्यातील मॉन्टमोरिलोनाइट या चिकणखनिजाचा हा गुण आहे. उन्हाळ्यात रानाला पडणाऱ्या भेगा आपण पाहतोच. तीच हालचाल उथळ पायाखाली होते, आणि ती सगळीकडे सारखी होत नाही म्हणून भिंत तिरपी चिरते. माझ्या घरी खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेल्या तड्यावर मी दोन वर्षे पेन्सिलने खुणा केल्या. मे महिन्यात त्यात रुपयाचे नाणे उभे शिरत असे, आणि गौरी-गणपतीपर्यंत पोस्टकार्डही जात नसे. ऊर्जारेषा पावसाचे वेळापत्रक कशाला पाळेल? २०१९ च्या ऑगस्टमध्ये, धोक्याची पातळी ४५ फूट असताना, सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले. कित्येक घरांच्या पायाखालची माती तेव्हा भिजून मग वाळली, हेही विसरू नये.

अशा घराला सळयांचा काहीही उपयोग नाही. नवे बांधताना काळी माती काढून मुरूम भरावा किंवा पाया खालच्या पक्क्या थरापर्यंत न्यावा; जुन्या घराभोवती उताराची फरशी करून पावसाचे पाणी जोत्यापासून दूर काढावे, भिंतीलगतची गळकी पाइपलाइन बदलावी. तडा रुंदावतच राहिला, तर तांबे घेण्याआधी स्थापत्य अभियंत्याला घर दाखवावे. आमच्या शेजाऱ्यांच्या न्हाणीघराचे पाणी अजूनही जोत्यालगतच मुरते आहे, आणि त्यांचा तडा नेमका त्याच कोपऱ्यात आहे.