चुन्याचा हिशेब

आपल्या मानेत तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात, हे मला साठी उलटल्यावर कळलं. त्यातली एक फुगून भलतीच कामसू झाली होती. हाडांतलं कॅल्शियम उपसून रक्तात ओतायचं, हा तिचा उद्योग. दोनदा मुतखडा झाला, तेव्हा कुठे ती सापडली. या ग्रंथी आधी दिसल्या त्या लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या मेलेल्या गेंड्यात, १८५० च्या सुमारास. माणसातलं त्यांचं वर्णन इव्हार सांडस्ट्रॉम या स्वीडिश वैद्यकीय विद्यार्थ्यानं १८८० मध्ये छापलं. मी हे मोठ्यानं वाचून दाखवलं, तर आमच्या घरातून उत्तर आलं, "तरीच! कातडीवरून मला शंका होतीच."

ऑपरेशन झालं, ती एक गेली. उरलेल्या तिघी इतकी वर्षं बसून पगार खात होत्या, त्या काही लगेच कामाला लागेनात. त्यातच हाडांना भूक लागली. डॉक्टर याला खरोखरच 'हंग्री बोन' म्हणतात. वर्षानुवर्षं लुटलेली हाडं रक्तातलं कॅल्शियम असं ओढतात, जसं पंगतीत तिसऱ्यांदा जिलबी मागणारं वऱ्हाड. रक्तात ते दर शंभर मिलिलिटरला साधारण साडेआठ ते साडेदहा मिलिग्रॅम हवं. माझं ७.६. ओठांभोवती मुंग्या, बोटांच्या टोकांना मुंग्या.

मी नाशिकरोडच्या नोटा छापणाऱ्या प्रेसमध्ये नोकरी केली. तिथं कागदाचा हिशेब लागल्याशिवाय घर दिसत नसे. तोच स्वभाव आता गोळ्यांना लागलाय. थायरॉइडची जुनी गोळी पहाटे उपाशीपोटी, कॅल्शियम तिच्यापासून चार तास लांब आणि तेही जेवणासोबत. व्हिटॅमिन डी निराळं. एकादशीला पंचाईत: गोळी जेवणाबरोबर, आणि जेवण तर नाही! साबुदाण्याची खिचडी जेवणात धरायची का, असं डॉक्टरांना विचारलं. ते धरतात. माझ्या आईनं धरली नसती.

गोळी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, अर्थात चुनखडी. औषधाच्या दुकानातून पावती घेऊन मी चुनखडी आणतो. हे जेलरोडच्या कट्ट्यावर बोलून बसलो आणि फसलो. "मग पानातला चुना चाट ना रोज, फुकटात काम!" एक मित्र. डॉक्टर म्हणाले, तोंड भाजून घ्यायचं असेल तर खुशाल चाटा. जन्मभर लोकांनी चुना लावला, तेवढा पुरे आहे म्हटलं. दुसऱ्यानं पालकाचा रस सुचवला. पालकात कॅल्शियम असतं, पण त्यातलं ऑक्झलेट ते सोडत नाही, म्हणजे मुदतठेवीतले पैसे. घरात आता नाचणीची भाकरी, तिळाची चटणी आणि दही. मिसळीबरोबरच्या दह्यालासुद्धा मी औषध म्हणतो. मिसळीला अजून कोणी म्हणू देत नाही.

खरी फजिती मात्र बिटको चौकातून घरी येताना झाली. दुपारची गोळी राहिली होती. शेअर रिक्षातून उतरलो, वीसची नोट काढली, पुढे केली आणि हात आखडला. अंगठा आत, चारही बोटं ताठ एकमेकांना चिकटलेली, मध्ये नोट. चिमटीत तपकीर धरावी तशी. रिक्षावाल्यानं ओढली, मी सोडेना.

"काका, सोडा ना."

"सोडतोय रे."

"कुठं सोडताय?"

मागच्या सीटवरची बाई म्हणाली, "जाऊ द्या हो, पेन्शनर दिसतात." मी दुसऱ्या हातानं एकेक बोट उलगडायला लागलो. तोही मुंग्यांनी भरलेला. शेवटी रिक्षावाला खाली उतरला आणि त्यानंच माझा अंगठा बाजूला केला. नोटेचा कोपरा फाटला. "काका, ही चालणार नाही, दुसरी द्या." आयुष्यभर ज्या प्रेसच्या नोटा खपल्या, तिथल्या माणसाची नोट नाकारली गेली.

घरी येऊन गोळी चावली, दवाखान्यात फोन केला. त्यांनी लगेच बोलावलं, रक्त घेतलं, डोस वाढवला. रात्री ही सगळी हकीकत सांगितली. बायकोनं शांतपणे भाकरी उलटली.

"पण अहो, मला पैसे देताना तर लग्नापासून तुमचा हात असाच आखडतो. तेव्हा कोणत्या डॉक्टरला दाखवायचं होतं?"