फितूर साक्षीदार

गेल्या वर्षी शाळेत पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा वाद पेटला, तेव्हा आमच्या साताऱ्याच्या वकील मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आयर्लंडला दोन्ही पक्षांनी साक्षीला उभं केलं. एप्रिल २०२५चा शासन निर्णय, जूनमधली त्याची दुरुस्ती आणि २९ जूनला दोन्ही मागे, एवढा तो घटनाक्रम. एक मित्र म्हणाला, "आयर्लंड बघा. स्वतःची भाषा घटनेत घातली, शाळेत सक्तीची केली. असं ठणकावून करावं लागतं." दुसरा म्हणाला, "आयर्लंडच बघा. भाषा गेली, इंग्रजी आली, आणि गूगलचं युरोपातलं मुख्यालय डब्लिनला आलं. कुणाचं काय बिघडलं?" मी डब्लिनला एका कंपनीच्या कायदा विभागात काम करते, त्यामुळे निवाडा माझ्याकडे आला.

निवाडा राहू दे, आधी उलटतपासणी. हा साक्षीदार दोघांनाही फितूर होतो.

पहिल्या मित्राने सांगितलेलं खरंच आहे, किंबहुना कमीच आहे. १९३७च्या घटनेत आयरिश ही पहिली अधिकृत भाषा. घटनेच्या आयरिश आणि इंग्रजी पाठांत तफावत निघाली, तर आयरिश पाठ ग्राह्य. २००८पर्यंत इथे वकील व्हायला आयरिशची परीक्षा द्यावी लागे. २००७पासून ती युरोपीय संघाची भाषा आहे. काही सवलती सोडल्या तर प्रत्येक मूल ती शालान्त परीक्षेपर्यंत शिकतं. एवढं संरक्षण मिळालेली भाषा मला तरी दुसरी ठाऊक नाही. आणि २०२२च्या जनगणनेत काय दिसलं? आयरिश येते असं सुमारे पावणेएकोणीस लाख लोकांनी लिहिलं, पण शाळेबाहेर रोज बोलणारे जेमतेम बहात्तर हजार. माझ्या हुशार सहकाऱ्यांना विचारलं, तर बहुतेकांना शाळेतल्या दोन कविता आणि बाथरूमला जायची परवानगी मागायचं वाक्य आठवतं.

मग दुसरा मित्र जिंकला? मुळीच नाही. इंग्रजी इथे कुणी नोकरीच्या जाहिराती चाळून निवडली नव्हती. १८३१पासूनच्या सरकारी शाळा इंग्रजीत होत्या. त्यावर १८४५ ते १८५२चा दुष्काळ आला. दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, तेवढीच देश सोडून गेली, आणि सगळ्यांत जास्त मार बसला तो आयरिश बोलणाऱ्या पश्चिम भागाला. ‘काय बिघडलं’ हे इथल्या पबमध्ये मोठ्याने विचारून बघावं. शिवाय आज डब्लिनमधले चांगल्या पगाराचे आईबाप मुलांना आयरिश माध्यमाच्या शाळेत घालायला नंबर लावतात. त्या शाळा पालकांनीच आग्रह धरून, धडपड करून वाढवल्या. पुण्यात अशाच पगाराच्या घरातलं मूल मराठी शाळेत दिसलं, तर लोक आधी चौकशी करतात की काही अडचण आहे का.

माझ्या मते आयर्लंडकडून शिकायचं असेल तर ते शाळेत नाही, मैदानावर आहे. हर्लिंग नावाचा त्यांचा खेळ आहे. ॲश लाकडाची पुढे चपटी असलेली काठी, चामड्याचा घट्ट चेंडू, आणि तो चेंडू डोक्याच्या उंचीवर असताना दोघे एकदम काठ्या फिरवतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्यातली वकील फक्त नुकसानभरपाईचे दावे मोजत होती. १८८४ साली थर्ल्स गावातल्या एका हॉटेलात मूठभर लोकांनी गेलिक ॲथलेटिक असोसिएशन काढली. आज गावोगावी तिचे क्लब आहेत आणि क्रोक पार्क हे त्यांचं स्टेडियम ८२,३०० माणसांचं आहे. खेळाडूंना पगार नाही. २०२५च्या अंतिम सामन्यात कॉर्कचा संघ मध्यंतराला सहा गुणांनी पुढे होता. उत्तरार्धात त्यांना फक्त दोन गुण मिळाले आणि टिपरेरी जिंकलं. अशा फायनलचे नायक सुट्टी संपली की पुन्हा शाळेत गणित शिकवतात किंवा बँकेत बसतात. आयपीएलच्या लिलावावर वाढलेल्या माझ्या भाच्याला हे खरं वाटत नाही.

मात्र या संघटनेनेही सक्ती करून पाहिली आहे. क्रिकेट, रग्बी, फुटबॉल हे ‘परकीय’ खेळ खेळणाऱ्याला, अगदी बघायला जाणाऱ्यालाही बाहेर काढायचा नियम १९७१पर्यंत होता. तो गेला, हर्लिंगला काही झालं नाही. १९२०मध्ये ब्रिटिशांच्या सशस्त्र दलांनी ज्या क्रोक पार्कमध्ये चौदा जणांना मारलं, तिथेच २००७ साली इंग्लंडचा रग्बी संघ आला. त्यांचं राष्ट्रगीत लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग आयर्लंडने त्यांना ४३-१३ असं धुतलं. स्वाभिमान म्हणून मला हा प्रकार पसंत आहे.

मीरा रोडला मराठीवरून दुकानदाराला मारहाण झाली, त्याच दिवसांत इथे टाला भागात एका भारतीय माणसाला जमावाने बेदम मारलं. दोन्हींची कारणं वेगळी आहेत, मान्य. पण त्यानंतरचे काही आठवडे संध्याकाळी बसमधून फोनवर आईशी मराठीत बोलताना मी आवाज खाली आणत होते. त्यामुळे ‘आमच्या राज्यात राहायचं तर’ अशी सुरू होणारी वाक्यं मला आता दोन्ही बाजूंनी ऐकू येतात. टालाच्या रहिवाशांनी निषेधाचा मोर्चा काढला, हेही सांगायला हवं. गंमत अशी की २०१७ साली लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले, तेव्हा मालवण तालुक्यातल्या वराडचा नातू म्हणून आमच्या ग्रुपवर पेढे वाटले गेले. त्यांना मराठी येतं का, हे कुणी विचारलंही नाही.

कायदा नकोच असं मी म्हणत नाही. सातारच्या न्यायालयात साक्ष मराठीत होते, निकालही मराठीत मिळू शकतो. अपील मुंबई उच्च न्यायालयात गेलं की सगळं इंग्रजीत. पक्षकाराला स्वतःच्याच खटल्यात दुभाषी लागतो. उच्च न्यायालयात राज्याची भाषा वापरायला आपल्या घटनेच्या ३४८व्या कलमात वाट ठेवलेली आहे, आणि राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, बिहार या राज्यांनी ती हिंदीसाठी वापरली. भाषांतरित कायदे, निकालांचे संदर्भ, बाहेरून येणारे न्यायमूर्ती, अडचणी शंभर आहेत. पण कायद्याची ताकद लावायची तर इथे लावावी. दुकानदाराच्या कानाखाली वाजवण्यापेक्षा हे काम फार कंटाळवाणं आहे, म्हणून त्यावर ग्रुपवर कुणी भांडत नाही.

आमच्या इथल्या मंडळाचा मराठी वर्ग रविवारी सकाळी असतो. लहानांचा हर्लिंगचा सरावही त्याच वेळी. मुलं कुठे जातात हे सांगायला नको. वर्ग दुपारी घ्या, आणि बाराखडीऐवजी मुलांकडून सामन्याचं मराठीत धावतं समालोचन करून घ्या, असा ठराव मी दिला आहे. एका काकांनी हजेरी सक्तीची करण्याची उपसूचना मांडली आहे. तिला बराच पाठिंबा आहे.